माहितीदाता सात

इनास : आणि माझं नाव कुठे गेलं? अख्ख्या प्रबंधात ‘माहितीदाता सात’! पाद्रीबाबानं बाप्तिस्मा काय आकड्याला दिलेला?

संचिता : अंकल, विद्यापीठाचा नियम आहे तो. खाडीत भराव टाकणाऱ्यांविरुद्ध बोललात तुम्ही. नाव छापलं तर ती माणसं दारात येतील.

लुर्दस : येतील काय, आलेली परवा! दोघं, बुलेटवरून. “म्हाताऱ्या, कॉलेजच्या पोरीला काय सांगितलंस?” म्हणून.

संचिता : बाप रे! मग, आंटी?

लुर्दस : मग काय, ह्यानं त्यांना बसवून जिताड्याची गोष्ट लावली. मासा एवढा, की शेपूट खोपटच्या डेपोत नि तोंड टेंभी नाक्यावर. तिथली दहीहंडी पण त्या माशानंच फोडली म्हणे! अर्ध्यातच पळाले मेले.

इनास : शेवट ऐकायचा राहिला बिचाऱ्यांचा.

संचिता : हसताय काय! हीच तर भीती आहे. उद्या भरावाच्या जनसुनावणीत हे सगळं वाचणार मी. तुमचं नाव घेतलं की त्यांचा वकील तो जिताडा बाहेर काढेल. म्हणेल, ह्या थापाड्यावर विश्वास ठेवायचा?

इनास : काढू दे. गो, आमच्यात नवी होडी पाण्यात घालताना पाद्री आधी तिचं नाव मोठ्यानं वाचतो. बिननावाची होडी दिसली की आम्ही काय म्हणतो?

लुर्दस : चोरीची.

इनास : तशीच बिननावाची साक्ष. म्हणतील, पोरीनं घरी पंख्याखाली बसून रचली.

संचिता : नाव घातलं तर विद्यापीठाची समिती माझा प्रबंध अडकवून ठेवेल, अंकल.

इनास : मग नको घालू. तुझी पदवी घे तू.

संचिता : अडकला तर अडकला! भांडेन मी त्यांच्याशी. पण आता एकदा नीट सांगा. मसाला न घालता.

(इनास खाडीकडे बोट दाखवतो.)

इनास : भरावानं खाडीचं तोंड बुजलं. भरतीचं पाणी आत येत नाय. चिखलातल्या निवट्या मासळ्या तिथंच मेल्या. जाळं टाकतो, नि तसंच रिकामं ओढतो.

संचिता : आणि?

इनास : आणि काय? एवढंच.

लुर्दस : वकिलाला शंका आली तर मला उभी कर. लग्न झाल्यापासून ह्याच्या तोंडून ‘एवढंच’ आज पहिल्यांदा ऐकते मी. लिही गो त्याचं नाव.