दंडावर गेलेली बांगडी

हसाल तुम्ही, पण बहात्तरच्या दुष्काळात मी बांगडी घेऊन पोरं तपासत हिंडायचे. लहानशी बांगडी कोपराच्या वर गेली की पोर अशक्त समजायचं, नाव लिहायचं, दूध द्यायचं. नावं फक्त पाच वर्षांच्या आतली.

पारनेरकडं खडी फोडणाऱ्या एका बाईच्या लेकीला बांगडी घातली, तर ती सरळ दंडावर गेली.

आई खूश. "कशी अलगद बसली बघा. कासाराकडं लई रडती."

म्हटलं, "अगं, ती अडायला हवी होती. पोरीच्या अंगात काही नाही."

हातोडी खाली ठेवून बाईनं स्वतःच्या बांगड्या वर सारल्या. त्याही कोपर ओलांडून गेल्या.

"मंग बाई, माजं नाव कुठं लिवता?"