एका नंबराच्या दोन जांभळ्या गाड्या

जबाब
दि. १८ जून २०१४, दुपारी २.१५ वा.
पोलीस ठाणे, मिलबर्न, मिशिगन

मी, वर्ना जोन पेल्की, वय ६६ वर्षे, धंदा पूर्वी शाळेच्या बसवर चालक, आता निवृत्त, रा. २१४, टॅमरॅक स्ट्रीट, मिलबर्न, विचारल्यावरून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी माझे पती ऑरिन डेल पेल्की, वय ७०, यांच्यासह सन १९७४ पासून राहते. ऑरिन मोटार कारखान्याच्या रंगखात्यात छत्तीस वर्षे नोकरीला होते. या प्रकरणात हा माझा तिसरा जबाब आहे. पहिले दोन मी खरे समजूनच दिले होते, हे आधी लिहून घ्यावे.

सन १९७० च्या फेब्रुवारीत, लग्नाआधी, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला असताना स्वतःच्या पगारातून नवी मोटार मागवली. दोन दारांची, जांभळा रंग, चारशे चाळीस घनइंचांचे मोठे इंजिन, हाताने बदलायचे चार गिअर, पुढे एकसलग सीट. रेडिओ नको, घड्याळ नको, बाजूचे पांढरे पट्टे नकोत. कारखान्यातून काय काय बसवून यावे आणि काय येऊ नये, याच्या फॉर्मवर मी स्वतः खुणा केल्या. विक्रेत्याने, "मिस्टर सहीला कधी येणार?" असे विचारले. मी म्हटले, "मिस्टर नाहीत. फॉर्म इकडे द्या." तो म्हणाला, "अहो बाई, रेडिओशिवाय गाडी कोण घेतं?" मी म्हटले, "दिवसभर मी कानाला लोकांची बडबड लावून बसते. गाडीत मला फक्त इंजिन ऐकायचंय." सात आठवड्यांनी गाडी आली. तेव्हापासून ती माझ्याच वापरात आहे.

दि. २९ मे २०१४ रोजी सकाळी ११.१० वा. च्या सुमारास अधिकारी होल्बर्ट माझ्या घरी आले. इंडियाना राज्यातील गेलन स्ट्राउड नावाच्या इसमाने एक जुनी गाडी दुरुस्त करून नोंदणीसाठी अर्ज केला असून तिचा कारखान्याने ठोकलेला नंबर माझ्या गाडीचाच आहे, असे त्यांनी सांगितले. मी सांगितले की, मग त्या माणसाची गाडी खोटी आहे, त्याला पकडा. मी त्यांना काचेखाली डॅशबोर्डवर बसवलेली नंबराची पट्टी दाखवली. इंजिनावर ठोकलेला नंबर दाखवला. गिअरबॉक्सवरचा दाखवण्यासाठी वाहनाखाली गेले. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. अधिकारी वाकले नाहीत.

पुढील चार दिवस मी राज्याच्या वाहन कार्यालयाला फोन करत होते. सहा वेळा फोन केला, चार वेगवेगळी माणसे बोलली, प्रत्येकाने तेरा आकडी-अक्षरी नंबर पहिल्यापासून सांगायला लावला. शेवटची मुलगी म्हणाली, "बाई, आमच्याकडे तुमची गाडी इंडियानात दिसतेय." मी म्हटले, "अगं, ती माझ्या खिडकीबाहेर उभी आहे, मी तिच्याकडे बघत बोलतेय तुझ्याशी." ती म्हणाली, "कॉम्प्युटरवर तसं दिसत नाही." मी फोन ठेवला.

दि. ३ जून रोजी अधिकारी होल्बर्ट पुन्हा आले व गाडी तपासासाठी जमा करावी लागेल असे म्हणाले. ते म्हणाले, "बाई, इंजिन एका गाडीतून काढून दुसरीत घालता येतं. पट्टीसुद्धा काढता येते." मी म्हटले, "माझी गाडी चव्वेचाळीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. काढणार कोण, भूत?" तेव्हा ऑरिन शेजारीच उभे होते. ते मागच्या अंगणात गवत कापायला गेले. गवत आदल्या दिवशीच कापले होते. हे मी त्या दिवशीच्या जबाबात सांगितले नाही, कारण तेव्हा ते माझ्या लक्षात आले नव्हते. गाडी त्याच दिवशी ओढून नेली. तेव्हापासून मी शेजारणीच्या गाडीतून बाजारहाट करते, आणि तिच्या गाडीत रेडिओ कायम चालू असतो.

दि. १२ जून रोजी सकाळी १० वा. दोन्ही गाड्या ठाण्याच्या मागच्या आवारात समोरासमोर लावल्या. ऑरिन यांना मी बळेच सोबत नेले होते. ते पाठदुखीचे कारण सांगत होते. गेलन स्ट्राउड, वय ५८, धंदा वीटकाम, हा इसम गाडी ट्रेलरवर घालून आला होता. मी त्याला चार शब्द सुनवायचे ठरवून गेले होते. त्याने टोपी काढून हातात धरली व सांगितले की, सन १९९९ मध्ये एका भंगारवाल्याच्या रानात त्याला हा सांगाडा मिळाला. इंजिन नाही, पुढची सीट नाही, डावी बाजू आत गेलेली, आणि छतातून एक झाड वर आलेले. पंधरा वर्षे दर रविवारी त्याने त्यावर काम केले.

मी विचारले, "मग नंबर कुठून आणलास? माझा?"

तो म्हणाला, "आणला नाही बाई, सापडला. पत्र्यावर ठोकलेला होता. आणि हे."

त्याने प्लास्टिकमध्ये घातलेला एक तपकिरी कागद दिला. गाडी तयार होताना कोणते भाग बसवायचे हे कळण्यासाठी कारखान्यात असा कागद गाडीबरोबर फिरतो, आणि कधी कधी कामगार तो सीटच्या स्प्रिंगमध्ये खुपसून मोकळे होतात. हा त्याला मागच्या सीटमध्ये मिळाला. कागदाला उंदरांनी कुरतडले आहे, परंतु वाचता येतो. स्ट्राउड एकेका खुणेवर बोट ठेवून सांगू लागला, "चार गिअर. एकसलग सीट. रेडिओ नाही. घड्याळ नाही. असली गाडी मागवणारा माणूस कोण असेल, याचा मी पंधरा वर्षं विचार करतोय." मी त्याला थांबायला सांगितले. पांढरे पट्टे नकोत, ही ओळ मी स्वतः वाचली.

त्यानंतर अधिकारी होल्बर्ट यांनी टॉर्च लावून दोन्ही गाड्यांच्या आतल्या जागा तपासल्या. रेडिएटरच्या चौकटीवर आणि डिकीच्या रबराखाली कारखान्यात नंबर ठोकलेला असतो, तो सहसा कोणी बघत नाही. स्ट्राउडच्या गाडीवर दोन्ही ठिकाणी माझा नंबर निघाला. माझ्या गाडीवर दोन्ही ठिकाणी भलताच नंबर निघाला. अधिकाऱ्यांनी तो मला वाचायला लावला. मी तीन वेळा वाचला. पुढे डॅशबोर्डच्या मागे, रेडिओची तार जाण्यासाठी पाडलेले एक भोक सापडले. ते पत्र्याचा तुकडा लावून बुजवले होते व वर जांभळा रंग दिला होता. जोड बोटालाही लागत नव्हता. इतके चांगले रंगकाम मिलबर्नमध्ये एकाच माणसाला जमते.

मी मागे वळले. ऑरिन तारेच्या कुंपणापाशी उभे होते.

"ऑरिन, हे काय आहे?"

"सांगणार होतो."

"कधी?"

"एप्रिलमध्ये."

"कुठल्या एप्रिलमध्ये?"

"एक्क्याऐंशीच्या."

सन १९८१ मध्ये माझी आई डुलुथ येथे आजारी होती. फेब्रुवारी ते मार्च असे सात आठवडे मी तिच्याजवळ होते. ती १९ मार्चला वारली. माझे पती ऑरिन यांनी आवारात सर्वांसमक्ष सांगितले की, २१ फेब्रुवारीला त्यांनी माझी गाडी मला न विचारता बाहेर काढली, आणि बर्फावरून घसरून ती पुलाच्या भिंतीवर घातली. त्यांचा हात मोडला होता. तो पायरीवरून पडून मोडला, असे त्यांनी मला फोनवर सांगितले होते. त्यानंतर त्यांनी त्याच वर्षाच्या दुसऱ्या एका हिरव्या गाडीचा सांगाडा मिळवला, एका मित्राच्या मदतीने माझे इंजिन, गिअरबॉक्स, पुढची सीट आणि नंबराची पट्टी त्यात बसवली आणि सगळी गाडी जांभळी केली. तो मित्र आता हयात नाही. मोडका सांगाडा भंगारात गेला. मी परत आले तेव्हा गाडी घराबाहेर उभी होती. ती स्वच्छ धुतल्याबद्दल मी त्यांचे आभार मानले होते, हे मला आठवते.

मी म्हटले, "मला तेव्हाच सांगायला काय झालं होतं तुला?"

ते म्हणाले, "अगं, आईचं तसं चाललेलं, फोनवर काय सांगू? आणि आलीस ती कोणाशी बोलतच नव्हतीस. रोज उठून गाडीत बसायचीस, तळ्यापर्यंत जायचीस आणि यायचीस. तेवढं एकच करायचीस. त्यात मी येऊन सांगू की ही गाडी ती नाहीच? मग राहिलं."

"तेहतीस वर्षं राहिलं?"

"दर वर्षी जास्तच अवघड होत गेलं ना, वर्ना."

अधिकारी होल्बर्ट म्हणाले, "मिस्टर पेल्की, पट्टी काढून दुसऱ्या गाडीला लावणं हा गुन्हा आहे."

ऑरिन म्हणाले, "हो साहेब. पण पट्टी ज्यांनी ठोकलीय ते रिबिट बघा तुम्ही, कंपनीचेच आहेत. दोन तास लागले काढायला, एक ओरखडा नाही."

मी म्हटले, "गप्प बस, ऑरिन."

स्ट्राउड म्हणाला, "बाई, हे ठाऊक असतं तर मी अर्जच केला नसता." मी त्याला सांगितले की, या आवारात गुन्हा न केलेला तो एकटाच पुरुष आहे. अधिकाऱ्यांना हे आवडले नाही. स्ट्राउडने किल्ली पुढे केली. म्हणाला, "एकदा चालवून तर बघा." मी त्या गाडीत बसले व आवारात तीन फेऱ्या मारल्या. इंजिन दुसरे आहे. दार लावल्याचा आवाज माझ्या ओळखीचा होता. बसल्यावर काय वाटले असे आज मला विचारण्यात आले. त्याचा या तपासाशी संबंध नाही.

स्ट्राउडने नंतर माझे इंजिन विकत देण्याविषयी विचारले. मी नाही म्हटले. त्याविषयी कोणीही मला पुन्हा फोन करू नये.

आज मला समजावून सांगण्यात आले की, कायद्याने नंबर सांगाड्याचा असतो, म्हणून तो स्ट्राउडच्या गाडीला जाईल आणि माझ्याकडील गाडीला राज्याकडून नवा नंबर मिळेल. यास माझी हरकत नाही. मागवलेल्या गाडीत मी अकरा वर्षे बसले आणि या गाडीत तेहतीस. हिच्यातून मी तिन्ही मुलांना शाळेत सोडले आहे. मला हीच परत हवी आहे, आणि ती लवकर मिळावी. कारखान्याचा कागद स्ट्राउड मला देत होता, तो मी घेतला नाही. तो ज्या गाडीत सापडला त्या गाडीत राहावा. मी त्याची छायाप्रत घेतली आहे.

माझी एक विनंती आहे. नंबराची पट्टी काढून स्ट्राउडला द्यायची आहे, ते काम माझे पती ऑरिन यांनाच अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली करू द्यावे. इतर कोणी काढल्यास तिला ओरखडे येतील.

सरकारी वकील इतक्या जुन्या गोष्टीवर खटला भरणार नाहीत असे कळते. माझी पतीविरुद्ध काही तक्रार आहे काय, असे मला दोनदा विचारण्यात आले. दोन्ही वेळा मी नाही असे सांगितले. दि. १२ पासून मी त्यांच्याशी जेवण व गोळ्या याव्यतिरिक्त बोललेले नाही. तो घरचा प्रश्न आहे. ते सकाळपासून बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना कोणीतरी पाणी द्यावे.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. त्यात ऑरिन यांच्या नावाआधी दोन ठिकाणी 'संशयित' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून तिथे 'माझे पती' लिहून घेतले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष,
(सही) अधिकारी होल्बर्ट

(सही) वर्ना जे. पेल्की