मावशीने अर्धवट पाहिलेलं नाटक

फुकट मिळतंय तर नाही कशाला म्हणायचं, असं म्हणता ना? मग माझ्या मावशीचं ऐका. आम्ही दिघोरीच्या लोकांनी नाटक बसवलं होतं आणि मी त्यात बाप झालो होतो. पाय मोडल्यामुळे पवनीची मावशी येऊ शकली नाही, म्हणून आम्ही ते इंटरनेटवर टाकलं. दुसऱ्या दिवशी मी फोन केला.

"पायलं का मावशी?"

"पहिल्याच अंकात नेट संपलं, बाबू. तवापासून पिच्चर पाहून राहिली."

"नेट संपलं, मंग पिच्चर कसा चालते?"

"तो कंपनीचा हाय. त्याले नेट लागत नाही."

मी समजावलं, की मोबाईल कंपनी स्वतःच्या ॲपवरचे सिनेमे फुकट दाखवते, त्यांचं नेट मोजत नाही, बाकी सगळं मोजते.

"असं काय? मले वाटलं, तुमचं नाटक कोणी पाहात नसन, म्हणून बंद केलं."

रविवारी मी पवनीला गेलो आणि तिच्या खाटेसमोर पुढचे अंक एकट्यानेच केले. मावशी खूप रडली. पण तिच्यासारखंच नेट संपून पहिल्याच अंकात थांबलेल्या बाकीच्यांच्या घरी मी कुठे जाणार होतो?