हेंड्रिकचं पान

दोष माझ्या बाबांचा! हो, हो, तेच ते हरीशराव, मंडळाच्या गणपतीत पुढच्या रांगेत उपरणं घालून बसतात आणि आरतीत टाळ चुकवतात, तेच! आणि हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मी तोंड उघडलं की तुम्ही लोक लगेच "असं बोलू नये रे सुश्रुत, वडील आहेत" सुरू करता… का नाही बोलायचं? एखादा माणूस पन्नाशीला येतो, बँकेच्या आयटीत मॅनेजर होतो, गुडघे कुरकुरायला लागतात, तर त्याने काय करावं? चालायला जावं, भाजीत तेल कमी घालावं! आमच्या बाबांनी काय केलं? दक्षिण आफ्रिकेतून गाडी मागवली. अख्खी नाही, किट कार! म्हणजे कोणीतरी सुटे भाग आणून आपल्या घराच्या गॅरेजमध्ये हाताने जोडलेली, बिनछपराची, दोन सीटची, गडद हिरवी. आणि तीही अर्धवट! का अर्धवट? कारण जोडणारा मध्येच मेला!

आणि हे मला कधी कळलं? गाडी लंडनमध्ये, एजवेअरला आमच्या ड्राइव्हवेवर उतरल्यावर. बाबा हसत हसत म्हणाले, "अरे, हेंड्रिक म्हणून गृहस्थ होते. उंचेपुरे. गाडीखाली काम करता करताच गेले बिचारे. बायकोला ती डोळ्यासमोर नको झाली, म्हणून तर आपल्याला मिळाली!" म्हणून तर मिळाली! जसा काही हापूसचा शेवटचा बॉक्स मिळाला ईलिंग रोडवर!

मी तेव्हाच म्हटलं, बाबा, दुसऱ्याने अर्धवट सोडलेली गाडी पुरी करणं नवी जोडण्यापेक्षा अवघड असतं, त्याच्या डोक्यात काय होतं ते आपल्याला कळत नाही. पण माझं ऐकणार कोण? मी युनि सोडलेला!

हे "युनि सोडलेला", म्हणजे युनिव्हर्सिटी, काय प्रकरण आहे ते तुम्हाला माहीतच आहे, सगळ्या मंडळाला माहीत आहे, सुलक्षणाआत्याने वेम्बलीत दुकानदारालासुद्धा सांगितलंय. मेकॅनिकल इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष, सोडलं. कारण तिथे गाडी फक्त स्क्रीनवर फिरायची. मला हाताला ग्रीस लागलेलं आवडतं, काय करू? आणि हे काम करायची एकच जागा मला ठाऊक होती, लंडनबाहेर ब्रॅकनेलला, देव नावाच्या माणसाचं वर्कशॉप. देव इथेच जन्मलेला, आजीआजोबा नागपूरचे, मराठी बोलतो पण सगळ्या वस्तू पुल्लिंगी. तो मला म्हणाला, "हा गाडी तू रोडवर आण. टेस्ट पास कर. मग जॉब तुझा, वर्कशॉपच्या वरचा खोली पण तुझा." कळलं? नोकरी. आणि खोली. जिथे जेवताना कोणी "पुढे काय विचार आहे?" म्हणणार नाही. मी त्या मेलेल्या माणसाच्या गाडीला हात लावला तो फक्त या नोकरीसाठी आणि खोलीसाठी.

लावला आणि पहिल्याच आठवड्यात काहीतरी चमत्कारिक सुरू झालं. मी पडलो बुटका, सीट पुढे ओढून घेतो. सकाळी गॅरेज उघडावं तर सीट मागे. पार मागे. आरसा मी माझ्या डोळ्यांना लावून ठेवायचो, सकाळी तो असा वळलेला की त्यात मला फक्त माझ्या डोक्यावरचे पत्रे दिसायचे. मी बाबांवर ओरडलो, "माझ्या मागे गाडीत बसून ब्रुम ब्रुम करता काय?" तर म्हणे, "मी? माझी कंबर धरलीय, मी वाकून बूट घालू शकत नाही, त्या डबड्यात कुठे उतरू?" खरं होतं. ती गाडी इतकी खाली, की उतरायला जमिनीवर हात टेकावा लागतो. मग कोण?… मी म्हटलं, सीटचा खटका ढिला असेल. खटका बदलला. सीट मागे!

असो. गाडी जोडून झाली आणि आम्ही परीक्षेला गेलो. इथे हाताने जोडलेली गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारी इन्स्पेक्टर तिला आतून बाहेरून तपासतो, मगच नंबर मिळतो. मोटरवेच्या कडेला एक शेड, आत गार झालेल्या चहाच्या मगाएवढाच उबदार माणूस, इन्स्पेक्टर. त्याच्याकडे नारळाएवढा गोळा असतो, तो डॅशबोर्डवर फिरवतो, जिथे गोळा लागेल तिथे टोक नको, धार नको. गोळा फिरला, फिरला आणि टुक्. पितळी गणपती! आत्याने मला न विचारता सुपरग्लूने चिकटवलेला! "व्हॉट्स दिस, मेट?" म्हणाला. मी काय सांगू? आत्या, म्हटलं. दिस इज माय आन्टी.

ते ठीक, गणपती निघाला असता. पण मोठं दुखणं वेगळंच होतं. गाडी हळू चालवत स्टिअरिंग पूर्ण वळवायचं आणि हात सोडायचे, ते आपोआप सरळ व्हायला हवं. आमचं झालं नाही. वळलं ते वळलेलंच. गाडी आपली गोल गोल… इन्स्पेक्टर हात मांडीवर ठेवून बसलेला आणि गाडी शेडसमोर गोल फिरतेय, जसं काही कोणी हट्टाने धरून ठेवलंय. नापास.

मी घरी आलो, पुढची चाकं काढली, कोन मोजले, बदलले, परत मोजले. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर मी पिवळ्या रंगाची रेघ मारतो, नट जरा जरी हलला तर रेघ तुटते. माझी सवय आहे ती, युनित नाही शिकवत. मला समजत होतं, तुम्हाला सांगतो, मी जवळ आलो होतो! अजून थोडा वेळ हवा होता.

पण आमच्या घरात वेळ देतात का? लगेच बैठक! सुलक्षणाआत्या, आणि कमलाकरकाका, हे आयुष्यभर लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देत आले आणि रिटायर झाल्यावर यूट्यूब बघून भटजी झाले. आत्या म्हणाली, "त्या हेंड्रिकचा जीव अडकलाय रे गाडीत. परवा सर्वपित्री आहे. त्याचं पान वाढा." मी म्हटलं, आत्या, तो ख्रिश्चन होता! काका म्हणाले, "सर्वपित्रीला सगळे चालतात. अनोन कॅटेगरी असते." अनोन कॅटेगरी! मी म्हटलं, मला दोन दिवस द्या, पूजाबिजा नको, मी शोधतो काय चुकलंय. पण माझं ऐकणार कोण? मी युनि सोडलेला!

तर सर्वपित्रीला भर दुपारी, ढग असे खाली आलेले, पाऊस नाही, वारा नाही, हिरव्या बॉनेटवर केळीचं पान. खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. आणि आम्ही कावळ्याची वाट बघत उभे. आता एजवेअरचे कावळे! चिप्स खातात, पिझ्झाचे खोके फाडतात, एकदा आमच्या बिनमधून अख्खी चिकन टिक्का नेली होती. त्या दिवशी एक नाही! बाबा ऑफिसचा शर्ट घालून, दुपारी मीटिंग होती ना, "काऽव, काऽव" करतायत. कुंपणावरून शेजारच्या बाई म्हणाल्या, "एव्हरीथिंग ऑलराइट, हरीश?" "येस येस, जस्ट द बर्ड्स!"

मग आला. एकच. मोठा. काचेच्या कडेवर बसला. आणि पानाकडे बघेचना! मान वळवून तो ड्रायव्हरच्या सीटकडे बघत होता. रिकाम्या सीटकडे. वर, म्हणजे जिथे उंच माणसाचं तोंड येईल ना, तिथे.

आत्या कुजबुजली, "इच्छा राहिलीय. शब्द द्या त्याला." काका म्हणाले, "मराठीत नको, त्याला कळणार कसं?" मग आमचे बाबा सुरू झाले, मीटिंगच्या आवाजात. "डिअर हेंड्रिक, वी विल गेट द कार ऑन द रोड." कावळा ढिम्म. "वी विल नेव्हर सेल इट." ढिम्म. "वी विल कीप द सेम कलर." आत्या हात जोडून मध्येच, "रविवारी धुऊ रे बाबा तिला, शॅम्पूने!" ढिम्म. त्याने पापणीसुद्धा हलवली नाही. मला हसू यायला हवं होतं. येत नव्हतं. त्या सीटचं लेदर हळूहळू दबत होतं.

आणि मग बाबांनी घड्याळ बघितलं, मीटिंगला उशीर होत होता, आणि ते म्हणाले… ऐका, नीट ऐका… ते म्हणाले, "ओके, हेंड्रिक. माय सन कान्ट डू इट. यू फिनिश युअर ओन कार. ही विल जस्ट होल्ड द स्पॅनर."

कावळा झपकन् उतरला आणि सगळं खाल्लं. खीर, वडे, चटणीसुद्धा. पान फाटेपर्यंत.

आत्याने डोळे पुसले. काका म्हणाले, "ॲप्रूव्ह्ड!" बाबा मीटिंगला गेले. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅरेजमध्ये एकटा. गाडी जॅकवर. मी पान्यांच्या ट्रेजवळ उभा होतो आणि माझ्या लक्षात आलं, की माझा हात पुढे आहे. हातात पाना आहे. मी तो गाडीखाली धरलाय, जसा कोणाला तरी द्यायला. मी कधी उचलला? कोणी मागितला? आणि हाताला वजन लागेनासं झालं. पाना दिसतोय, माझी बोटं त्याच्याभोवती आहेत, आणि वजन नाही. खालून तंबाखूचा वास येत होता, आणि ओल्या लोकरीचा. मी पळून जायला हवं होतं ना? मी काय केलं माहितीय? मी पुढचा पाना उचलला. मोठ्या माणसांसमोर उभं राहून राहून अंगवळणीच पडलंय ते!

संध्याकाळी गाडी खाली घेतली, ड्राइव्हवेवर हळू चालवली, स्टिअरिंग वळवलं, हात सोडले. ते सरळ झालं. शांतपणे, जसं झोपलेल्या पोराच्या हातातून कोणी खेळणं काढून घेतं. मी टॉर्च घेऊन खाली शिरलो, एकेक नट बघितला. माझ्या सगळ्या पिवळ्या रेघा जशाच्या तशा. एकही नट हललेला नव्हता.

पुन्हा परीक्षा. तोच इन्स्पेक्टर. वळवलं, सोडलं, सरळ झालं. तो थांबला. परत केलं. परत सरळ झालं. मग उतरला, आणि दार लगेच लावलं नाही. जरा वेळ उघडं धरून उभा राहिला, आपण नाही का, मागून कोणी येत असेल तर धरतो, तसं. मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं असावं, दचकून लावलं. पास.

बाबांनी पेढे वाटले! तुम्हीही खाल्लेत, मला माहितीय. "आमच्या श्रद्धेने झालं," आत्या म्हणाली.

नंबर आला आणि मी गाडी घेऊन ब्रॅकनेलला. देव चक्कर मारून आला, बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाला, "असा स्टिअरिंग मी आयुष्यात बघितला नाही. तू काय केला?" मी म्हटलं, कोन ॲडजस्ट केले. "किती?" मी सांगितलं. त्याने मोजलं. "या कोनावर हा चालणारच नाही, सुश्रुत. खरं सांग." लिफ्टवर एक लाल गाडी होती, तिचं तेच दुखणं. म्हणाला, "याच्यावर करून दाखव."

मी दिवसभर करत होतो. नाही झालं. हात पुढे करून उभा राहिलो, खोटं कशाला सांगू, पाना गाडीखाली धरून उभा राहिलो. पाना जड तो जडच. तो त्याची गाडी सोडून लोकांच्या गाड्यांना कशाला हात लावेल?

शेवटी देव म्हणाला, "तुझा गाडी कोणी केला?" आणि मी म्हटलं, मी नाही. म्हटलं, दुसऱ्याने केलं, मी फक्त पाना धरला. देव वाईट माणूस नाही. खांद्यावर हात ठेवला त्याने. "मग त्याला पाठव ना, यार. मला तो पाहिजे."

"तो मेलाय."

"ओह. सॉरी." मग लिफ्टवरच्या लाल गाडीकडे बघून, "पण मग तुला घेऊन मी काय करू?"

येताना मोटरवेवर मी एकदाही सीट पुढे ओढली नाही. टोकाला बसून चालवत आलो, पाठ टेकली नाही. मागे काय होतं, मी बघितलं नाही. अजून दोन दिवस मिळाले असते तर मी ते स्टिअरिंग केलं असतं. किंवा नसतं केलं. ते आता कोणालाच कळणार नाही, मलाही नाही.

घरी बाबा दारातच उभे, "काय, गाडी कशी पळते?" म्हटलं, छान पळते.

ब्रॅकनेलची नोकरी दुसऱ्या मुलाला मिळाली. वरची खोलीही त्यालाच.