पोट माझं, कार्ड त्याचं

चूक आमच्या बापाची. डॉक्टरची नाही, ऑफिसची नाही, त्या बेटेगावच्या भगताची तर मुळीच नाही, आमच्या बापाची, पंढरीची, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय म्हणून तुम्हालाही सांगतो, नाहीतर म्हणाल पोरगा पाठीमागे बोलतो! काय? बापाला असं बोलू नये? मग बापाने पोराचं कार्ड देऊन टाकावं का? कुणाला दिलं ते ऐका आधी...

पोट माझं. इथून सुरू करू. दोन वर्षं झाली, संग्रहणी. दिवसातून बारा वेळा. जेवून आला असाल तर माफ करा, पण बारा म्हणजे बारा, आणि त्यातून चारदा रक्त. मी झुंबर, नववीतून शाळा सोडलेला, तारापूरला ते अणुवीज केंद्र बांधतायत ना, तिथे कंत्राटदाराकडे काँक्रीटच्या पाट्या वाहणारा. पाटी डोक्यावर आणि पोटात कळ... तुम्हाला सांगतो, तेव्हा देवाचं नाव आठवत नाही, फक्त दिशा आठवते! मुकादम कानपूरचा. लांबूनच ओरडायचा, "फिर चला झुंबर? समंदर भरने जा रहा है क्या?" सगळे हसायचे. मीही हसायचो, पळता पळता.

आणि घरी? बाप म्हणायचा, "च्या लई पितोस." आत्या, साखरबाई, म्हणायची, "नजर हाय कुणाची तरी." शेजारचे म्हणायचे, लगीन करून टाका. अहो, लगीन! त्या पोरीला काय लोटा धरून उभी करू? पोट माझं, आणि उपाय सगळ्या सालवडचे!

शेवटी मुकादमानेच बजावलं, महिनाअखेर आजाराचा दाखला आण, नाहीतर नाव कटलं. कंत्राटदाराचं कामगार कल्याण ऑफिस पालघरला. तिथे आजार पास झाला तर अपंग भत्ता मिळतो आणि बरा होईस्तोवर नाव पटावर राहतं. गेलो. खिडकीत कारकून. मान वर न करता, "हात?"

"आहेत."

"पाय?"

"आहेत साहेब."

"डोळे? मग तुझं गेलंय काय?"

म्हटलं, "आतडं."

तेव्हा त्याने मान वर केली. मला खालून वरून पाहिलं आणि म्हणतो, "दिसत तर नाही." अहो, आतडं दिसायला लागलं तर मी खिडकीशी उभा कशाला राहीन? "मंगळवारी डॉक्टर बसतात," म्हणाला, "कामाचं कार्ड घेऊन ये. कार्ड असेल तर माणूस, नाहीतर गर्दी."

मंगळवार लक्षात ठेवा. कारण मधे आला रविवार, आणि रविवारी बापाने बेटेगावचा नवशा भगत घरी आणला. गांधीबाबांचा काळ गेला, चाचाजींचा गेला, पलीकडे अणूची भट्टी उभी राहतेय, आणि आमच्या दारात पेंढ्याचा भारा! नवशा म्हणाला, "आजारी माणसाच्या उंचीचा बाव्हला करायचा. त्याच्या घामाचा कपडा त्याला घालायचा. शिवेवर बसवून यायचा. दुखणं मग त्याच्या मागं जातं, याला सोडतं. पन कपड्यातला काय बी काढायचा नाय. जा हाय ता त्याचा." आणि मग हळूच, "तीन रोज पोराला नावानं हाक मारू नका. नाव बी त्याचाच."

मी कुठे होतो? विचारता कशाला? लोटा घेऊन नाल्याकडे! परत येतो तर खुंटीवरचा माझा खाकी शर्ट त्या बाहुल्याच्या अंगावर. अंगात ताप, डोकं ठिकाणावर नाही, खिशाचं सुचलंच नाही. मी पाहत राहिलो ते वेगळंच. बाप त्याच्यासमोर उकिडवा बसला होता आणि त्याच्या कॉलरचं बटण लावत होता. बटण सुटत होतं, तो पुन्हा लावत होता, बाही झटकत होता, खांद्यावरची काडी उचलत होता... वीस वर्षांत या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही हो! शाळा सोडली त्या दिवशी ठेवला होता, पण तो चपलेसकट.

दिवेलागणीला आम्ही त्याला शिवेवर नेलं. बापाने खांद्यावर घेतलं होतं. चिंचेच्या बुंध्याला टेकवलं, तोंड बेटेगावकडे, पाठ आमच्याकडे. नवशा म्हणाला, मागं बघायचा नाय. मी नववीपर्यंत शिकलेला माणूस, मी बघितलं. तोंड आमच्याकडे होतं. म्हणजे तोंड कुठलं, पेंढ्याची गाठ ती... पण कॉलरचं बटण दिसत होतं. पाठीला बटण असतं का?

दोन दिवस बाप मला "ए" म्हणाला. आत्या "आरं तू" म्हणाली. मंगळवारी सकाळी कार्ड शोधायला लागलो. ट्रंकेत नाही, फळीवर नाही. एकदम आठवलं. म्हटलं, "बा, शर्टाच्या खिशात कार्ड होतं."

बाप विडी पेटवत म्हणाला, "ठावं हाय."

ठाऊक होतं! "मग काढलं का नाही?"

"भगतानं सांगितलं व्हतं ना, जे हाय ते त्याचं."

तसाच शिवेवर पळालो. चिंचेखाली काही नाही. तुम्ही म्हणाल, गुरांनी खाल्ला. मीही तेच म्हणालो. पण गुरं पेंढा खातात, शर्ट घालून जात नाहीत! आणि काड्या पडल्या होत्या त्या गुरांच्या वाटेवर नव्हत्या. एक इथे, एक तिथे, माणसाच्या पावलाच्या अंतराने, थेट बोईसर स्टेशनाकडे.

पालघरला पोचलो तेव्हा दुपार झालेली. खिडकीत तोच कारकून. म्हटलं, झुंबर पंढरी, सालवड, कार्ड हरवलंय. त्याने रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, थांबलं. "झुंबर पंढरी? ते येऊन गेले सकाळी."

ते! मला 'तू', त्याला 'ते'!

"कोण येऊन गेले?"

"अरे, कार्ड होतं त्यांच्याकडे. फार आजारी माणूस. एक शब्द बोलले नाहीत, तक्रार नाही, घाई नाही. तू बघ कसा नाचतोस!"

नाचत नव्हतो हो, कळ आली होती! तसाच पडद्याआड डॉक्टरकडे घुसलो. म्हातारा डॉक्टर, हात धूत होता, पुन्हा पुन्हा धूत होता. म्हणाला, "सकाळची ती केस... चाळीस वर्षांत पाहिली नाही. पोटावर हात ठेवला, हात आत गेला. आतडं लागेना, काही लागेना, नुसती खसखस. काट्यावर उभं केलं तर काटा हलला नाही. कायम अपंग म्हणून तिथल्या तिथे पास केलं." मग माझं पोट दाबलं, कान लावला, आणि खूश होऊन म्हणतो, "तुझं तर उत्तम चाललंय! किती आवाज येतोय!"

पोट माझं, आणि पास दुसऱ्याचं!

म्हटलं, सही दाखवा. रजिस्टर फिरवलं. अंगठा होता. मी सही करतो, तिथे अंगठा. आणि अंगठ्याच्या रेघा गोल असतात की नाही? बघा स्वतःचा, आत्ता बघा. गोल ना? त्या उभ्या होत्या. सरळ, बारीक, शेजारी शेजारी... मी आणखी वाकून बघणार तोच पोटाने हाक मारली, ऑफिसच्या मागच्या संडासाकडे पळालो. उंबऱ्यावर एक काडी. इथेही जाऊन आला होता लेकाचा! कशाला? त्याला काय काम?

घरी आलो, सगळं सांगितलं. वाटलं, बाप हादरेल. त्याने सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि विचारलं, "बटन लावलेलं व्हतं का त्यानं?"

पुढचं काय सांगू? कायम अपंग माणसाला कामावर घेता येत नाही, असं गेटवर मला सांगितलं. तो पडला पास, म्हणून मी पडलो बाहेर! भत्ता दर महिन्याला कुणीतरी अंगठा देऊन नेतो. मी दोनदा दिवसभर खिडकीशी बसून राहिलो, कुणी आलं नाही. लोटा घेऊन गेलो तेवढ्यात येऊन गेले, म्हणे. तीन रोज कधीच सरले, बाप अजून मला "ए"च म्हणतो. परवा आत्या सफाळ्याहून आली ती सांगत, "आपला झुंबर दिसला बाजारात. हाक मारली तर वळला. बोलला न्हाई, पन लई शांत झालाय." आणि हे मला सांगते! माझ्याकडे बघून! बापाने मान डोलावली. दिवेलागणीला तो हल्ली दाराशी बसतो, सुईत दोरा ओवून, एक बटण मांडीवर घेऊन.

कार्ड गेलं, नोकरी गेली, नाव गेलं, बाप गेला, खाकी शर्ट गेला. बारा वेळा जातो तो अजून मीच.