दारातली बाई मरते म्हणे

"...आणि शेवटी ती दारातली बाई मरते, कुणाला पत्तासुद्धा—" एवढंच ऐकलं हो मी! खालची शिंपीणबाई जिन्यात कुणाला तरी सांगत होती, मला बघितलं आणि गप्प. आता पुढचं कळायला नको? म्हणून तर तिकीट काढून आलेय. सरका जरा, पिशवी मांडीवर घ्या. हे काय चाललंय पडद्यावर? नळ. मघापासून नळच गळतोय. हौशी लोकांच्या फिल्मा अशाच, एकदा कॅमेरा हातात आला की घरातलं काही म्हणून सुटत नाही. आधीच्या फिल्ममध्ये तर काढणाऱ्याचा अंगठाच जास्त दिसला— पण काम चांगलं केलं हो अंगठ्यानं.

आता आमच्या घड्याळजींची लागेल. माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. एरवी घड्याळं दुरुस्त करतात, सुटीच्या दिवशी फिल्म. हिरोही स्वतःच! चेहऱ्यापेक्षा भिंतीवरचं घड्याळ बरं, निदान काटे तरी हलतात. मेहुणा कॅमेरा धरतो. हिरो कामाला निघालाय, जिना उतरतोय— एवढंसं दृश्य, पण घेऊन घेऊन दोघं दमले. का? मी दार उघडायचे ना! पावलं वाजली की माझं दार उघडणारच. "कुठे निघालात? डबा घेतलात का?" विचारू नये माणसानं? मी एकटी, जिन्यातून कोण आलं, कोण गेलं, तेवढीच करमणूक— करमणूक नाही, काळजी. तर एक दिवस म्हणाले, "ताई, तेवढं दार बंद ठेवता का?" आणि मेहुणा हसला. लागलं हो मला. दुसऱ्या दिवशी उठले, रोजच्या चपला दाराबाहेर तशाच ठेवल्या, चांगल्या पायात घातल्या, दार नुसतं ओढून घेतलं— लॅच आहे, बाहेरून कुलूप दिसत नाही— आणि न सांगता बहिणीकडे. म्हटलं, बघू कोण विचारतंय. परत आले तर घड्याळजी म्हणतात, "आलात?" बस्स! एक शब्द. आणि वर फिल्ममध्ये मला मारून टाकलंय म्हणे!

लागली, लागली. बघा, ती मी! दार उघडलं. परत मी. अगं बाई, परत मीच— बिघडलेली सगळी दृश्यं ठेवलीत की हो ह्यानं! हसा, हसा, सगळेच हसतायत. ...आता दार बंद. चपला माझ्याच. शिंपीण खरं बोलत होती तर. उतरला हिरो. मिळालं एकदाचं मनासारखं दृश्य! अं? परत वर कशाला? ऐकलंत? मेहुण्याचा आवाज आला, "दाजी, मस्त झालं, चला पुढे." हा हलेना. दार वाजवतोय. "ताई? ...अहो ताई, उघडा हो. बंद ठेवा म्हटलं ते काय असं—"

ह्याला अभिनय येत नाही हो. साधा कप उचलायचा तरी घाम फुटतो ह्याला. मग हे—

संपली? इथेच? दार उघडलंच नाही, म्हणजे लोक म्हणणारच बाई मेली. बाई मरतेय कशाला, बाई बहिणीकडे पाय पसरून टीव्ही बघत होती! कुणाला पत्ता नव्हता, हे मात्र... तुम्ही टाळ्या वाजवा हो, माझ्याकडे काय बघताय? आणि पाय आत घ्या, मला पुढे जाऊ द्या. मघापासून पुढच्या रांगेत मान खाली घालून बसलाय आमचा हिरो.