चौथ्या पायाचा बोल्ट

नागसेन : सरक बाजूला, ऋषी. गॅस पेटवलाय मी.

ऋषिराज : ते दिसतंय. पर कापतोयस काय? आपली रेल?

नागसेन : दुसरं काय! तुकडं करून भंगारात घालतो.

ऋषिराज : येडा हायस का? वीस फुटी पाईप, आठ दिवस खपून तू घासून गुळगुळीत केलेला. माझं हाड मोडलं म्हणून रेल का मोडायची?

नागसेन : खेळच खुळा हाय त्यो. बोर्ड पायाला बांधून लोखंडावरनं घसरत जायाचं! जीपच्या दोरीमागं नुसतं पाण्यावरनं जातोस तेवढं बास की.

ऋषिराज : तवा न्हाई म्हणालास असं. पुण्याच्या कोर्सवरनं मी त्या वेकबोर्डच्या मासिकातला फोटो आणला. तू बघितलास आन् म्हणालास, हे तर माझ्या शेडमधी बनतंय. आन् बनवलंस बी. आमच्या आर्मीच्या टीमकडं सुदीक असली रेल न्हाई, गड्या.

नागसेन : डॉक्टर काय म्हणला इस्लामपूरचा?

ऋषिराज : खांद्याजवळचं हासळीचं हाड हाय, सहा आठवड्यांत जुळंल म्हणला.

नागसेन : आन् टीमची निवड?

ऋषिराज : ह्या साली गेली. एसटीडीवरनं युनिटला कळवलं काल. चूक माझीच रं. रेलवर चढताना गुडघं ताठ ऱ्हायलं असतील, तोल गेला.

नागसेन : तुझी चूक न्हाई.

ऋषिराज : मग कुणाची? आपल्या नानासोनं जीप तर एकदम सरळ मारली काठानं.

नागसेन : चौथा पाय दगडावर बसला नव्हता. तू चढलास आन् रेल कलली.

ऋषिराज : बसला नव्हता? मी इचारलं की तुला! तू म्हणालास, चारी पायांचं बोल्ट आवळलं.

नागसेन : तीन आवळलं. ते नदीत कमरंएवढ्या पाण्यात हुतं. चौथा पार आत, पुरुषभर खाली. तिथं मी गेलोच न्हाई.

ऋषिराज : का?

नागसेन : मला पवायला येत न्हाई.

ऋषिराज : काय बोलतोस! कृष्णेच्या काठाला जल्मलास तू.

नागसेन : म्हणून काय झालं?

ऋषिराज : आरं, मग मला सांगायचं हुतंस! मी उतरलो असतो. एक शब्द बोलला असतास तर! हाडावर भागलं, डोकं आपटलं असतं म्हंजे?

नागसेन : आठ दिवस त्येच डोळ्याम्होरं हाय. जेवण जात न्हाई. पर तू इचारलंस तवा लाज वाटली. तीस वर्षांचा बाप्या मी... तोंडातनं 'व्हय' निघून गेलं.

ऋषिराज : शाळा सुटली की रोज आमच्या हिरीवर असायचो आपण. तू हुतास की सगळ्यांत!

नागसेन : हुतो. वर, पायरीवर. तुमची कापडं राखत.

ऋषिराज : तवा मला वाटायचं, तुला पाण्याचं भ्या हाय. पुढं शिकला असशील, असं धरलं मी.

नागसेन : तुझ्या आज्यानं पैल्याच दिशी सांगितलेलं, तू पाण्यात उतरायचं न्हाई. आमच्या घरात बुद्ध येऊन लय वर्सं झाली हुती. तुमच्या हिरीला त्ये ठावं नव्हतं.

ऋषिराज : मी हुतो तवा तिथं?

नागसेन : हुतास.

ऋषिराज : मी काय केलं मग?

नागसेन : सूर मारलास.

ऋषिराज : ...गॅस बंद कर.

नागसेन : ऋषी, ऐक—

ऋषिराज : बंद कर आधी. तू खोटं बोललास त्येचा मला राग आलाय, आन् त्यो एवढ्यात जायाचा न्हाई. पर रेल कापायची न्हाई.

नागसेन : मग पाय काढतो आन् खाली ड्रम लावतो. तरंगत ऱ्हाईल. कुणाला बुडी मारायला नगं.

ऋषिराज : ड्रमावर डुलती ती. बोर्ड चढला की गेलाच माणूस. पायच पायजेत.

नागसेन : आन् बोल्ट कोण आवळणार? तुझा हात गळ्यात.

ऋषिराज : तू. माझी अजून महिनाभर रजा हाय. शिकवतो तुला. उद्या सकाळी सातला हिरीवर ये.

नागसेन : तुमच्या हिरीत?

ऋषिराज : मग कुणाच्या?

नागसेन : आधी तुझ्या वडलांना इचार. चोरून यायचा न्हाई मी.

ऋषिराज : इचारतो.

नागसेन : न्हाई म्हणलं तर?

ऋषिराज : तर भांडतो. तवाच भांडायला पायजे हुतं.

(चोवीस दिवसांनंतर, सकाळी. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदीकाठ. रेल पुन्हा पाण्यात उभी आहे, तीन पाय आवळून झाले आहेत. ऋषिराजचे वडील नाथाजीही आले आहेत.)

नाथाजी : दोर कमरंला नीट बांधलास न्हवं, बाबा?

नागसेन : व्हय. आवं काका, तुमी कशाला? ऋषी धरंल की दोर.

नाथाजी : त्येचा एकच हात चालतोय. मी धरतो.

ऋषिराज : आबा, त्यो आता हिरीतनं बुडी मारून तळाची माती आणतोय. दोराची गरज न्हाई त्येला.

नाथाजी : नसंल. मला धरायचाय. ...नागसेन, आमचं वडील त्या दिशी तुला बोललं, तवा मी बी हुतो हिरीवर.

नागसेन : ठावं हाय, काका. बघितलं हुतं मी तुमाला.

नाथाजी : काय बोललो न्हाई मी.

नागसेन : व्हय. न्हाई बोलला.

नाथाजी : ...जा. पाना घट्ट धर.

ऋषिराज : घाई करू नगंस. दम सरला की सरळ वर.

नाथाजी : गेला खाली. किती वेळ झाला रं? वडू का?

ऋषिराज : नगा, थांबा. पाईप बघा, थरथरतोय. आवळतोय त्यो.

नाथाजी : आला! आला वर!

नागसेन : निम्माच झालाय. परत जातो.

ऋषिराज : दम तर खा.

नागसेन : दगड सापडलाय बरोबर. आत्ताच जातो.

नाथाजी : पोरा, हळू! ...गेला बघ.

ऋषिराज : जाऊ द्या. करंल त्यो.

नाथाजी : तू तर परवा युनिटला चाललास. मग ह्येच्यावर घसरणार कोण?

ऋषिराज : मे महिन्यात येतो की मीच. पाऊस लागायच्या आत. ...आला! काय रं, झालं?

नागसेन : झालं. उभा ऱ्हा त्या टोकाला, हलवून बघ.

ऋषिराज : हलत न्हाई, गड्या. जरा सुदीक न्हाई.

नाथाजी : चल, वर ये आता. गारठशील.

नागसेन : येतो, काका. तेवढा दोर सोडा. त्या मधल्या खडकाला शिवून येतो.